आठशे ग्रॅम

"हॅलो?… कोण?… हॅलो, जरा जोरानं बोला, मिक्सर चालू आहे… थांबा, बंद करते… हं. आता बोला. कोण पाहिजे?"

गोपिकाच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात सांबाराची जुडी. पुण्याकडचे त्याला कोथिंबीर म्हणोत बापडे, नागपुरात तो सांबारच. डिसेंबरचा रविवार, शहराच्या कडेला बेसा वस्तीतल्या घरात सांबारवडीचा घाट घातलेला, ओट्यावर हिरवागार ढीग. अशा वेळी अनोळखी नंबर उचलावा तर हटकून कोणीतरी कर्ज घ्या म्हणणारा निघतो. म्हणून आवाज जरा चढाच लागला होता, तो पुढच्याच शब्दाला खाली आला.

"उत्तरा?… अवं बाप्पा! तू?… नंबर बदलला का वं?… मग मले कसं कळणार?… ओळखला न! तुहा आवाज नाही ओळखणार का मी?… किती वर्षं झाली?… हाव, सहाच. सरांच्या पंच्याहत्तरीले भेटलो होतो. तेव्हाही तू घाईतच होती."

उत्तरा म्हणजे ती उत्तरा. नागपुरात मुलींच्या बॉक्सिंगचा विषय निघाला की दोनच नावं येतात, एक गोपिकाचं, एक उत्तराचं, आणि मग आधी कोणाचं घ्यायचं यावर चहा गार होईस्तोवर वाद होतो. दोघी आनंदराव सरांच्या तालमीतल्या. गांधीबागेत कापडाच्या गोदामावर एक लांबट खोली होती, तीच तालीम. तिथल्या पंचिंग बॅगा खालच्या दुकानांतल्या चिंध्यांनी भरलेल्या असत. गोपिका उमरेडकडच्या शेतकऱ्याची पोर. उत्तरा शहरातल्या महाल भागातल्या कारकुनांच्या घरातली, पाच वर्षांनी लहान. एकाच शहरात राहून सहा वर्षांत दोघींचा एक फोन नाही. भांडणही नव्हतं. असतं तर निदान भांडायला तरी बोलल्या असत्या.

"पेपर?… हाव, पाहिला न. चहाच्या आधीच पाहिला. 'मोठी कोण?' म्हणे… हाव न, चौकट टाकली आहे. इकडे तू, तिकडे मी, मधात रेघ. बाजारात बैलजोडी पारखल्यासारखं… मी कायले सांगू त्याले? माह्याकडे आलाच नाही तो पोट्टा. सरांकडे जाऊन आला… फोटो? फोटो माहा भयानक आहे, त्याच्याबद्दल तर बोलूच नको."

तिकडून उत्तरा हसली असावी, कारण गोपिकाही हसली. हसता हसता तिनं पेपर ओट्यावर ओढला. त्यावर आधीच सांबाराची माती सांडलेली होती, ती हातानं झटकली.

"हं, वाच… लढती, माह्या एकशे बारा, तुह्या एकशे एकतीस… जिंकलेल्या… हाव, पण जास्त लढलं तर हरणंही जास्तच येते न, त्याचं काय… राष्ट्रीय सुवर्ण, तुहे सहा, माहे चार… चार आहे, पण ओळीनं आहे, बाईसाहेब! तुह्या मधात खाडे आहेत… हस, हस… अवं, खरं सांगू? पाय तुहे. तुह्यासारखे पाय त्या तालमीत ना आधी आले ना नंतर. माहा उजवा भारी, बस. मी दरवाजा तोडून घरात शिरणारी. तू आपली हळूच कडी काढून आत, नि आतल्या माणसाले पत्ता नाही… नाही, मस्का नाही लावून राहिली. मस्का लावायचं वय आहे का आता आपलं?"

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. दोन निवृत्त पहिलवान भेटले म्हणजे जे बोलतात तेच. मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं आणि गोपिकाचा जुडीतला हात थांबला.

"कोणती चांदणी?"

तिला ठाऊक होतं कोणती. सकाळपासून चारदा तिच्यावर नजर गेली होती. उत्तराच्या सहा सुवर्णांतल्या पहिल्या सुवर्णापुढे एक बारकीशी चांदणी छापली होती आणि चौकटीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात खुलासा होता: निवड चाचणीत प्रतिस्पर्धी वजनात न बसल्याने लढत झाली नाही. ती प्रतिस्पर्धी म्हणजे गोपिकाच, पण तिच्या बाजूला तसलं काही नव्हतं. तिथे ठळक अक्षरात होतं, एक्कावन्न किलोची अपराजित राणी.

"हं… हं, दिसली… छापतात वं ते, त्यांले काय, जागा भरायची असते… कोण विचारून राहिलं?… तुह्या तालमीतल्या पोरी?… 'ताई, ही चांदणी कायची' म्हणून?… मग सांगायचं न, टेक्निकल आहे म्हणून… नाही, मी उडवून नाही लावून राहिली. ऐक तर… उत्तरा, चौदा वर्षं झाली त्या गोष्टीले. तू त्याच्यानंतर नॅशनलले जाऊन पाच जणींले लोळवून आली. त्या काय चांदणीनं हरल्या?"

उत्तरा बोलत राहिली. गोपिका नुसती हं हं करत राहिली. सरांची तालीम आता उत्तराच चालवते, नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ. त्या पोरींपुढे पेपर भिंतीवर चिकटवावा म्हणून तिनं हौसेनं आणला, आणि पहिल्याच पोरीनं बोट ठेवलं ते चांदणीवर. चौदा वर्षं लोक तोंडावर म्हणत नव्हते, ते आज छापून आलं होतं. तू गोपिकाला कधी हरवलंच नाहीस.

"मग खंडेनवमीले करून टाकू न! मी तालमीत येत होती तोवर दरवर्षी लोक म्हणतच होते… ग्लोव्ह्जची पूजा झाली की सगळे ओरडत, तीन राउंड, तीन राउंड. आपण आपलं हसत होतो, पुढच्या वर्षी म्हणत होतो. येत्या दसऱ्याले चढू दोघी. चाळिशीची म्हातारी नि पस्तिशीची म्हातारी. मी दहा किलो जास्तीची आहे, पण… काय?… काय म्हणली?… डोळा? कोणता डोळा?"

जुडी ओट्यावर पडली.

"पडदा?… सुटला म्हणजे?… धंतोलीत डॉक्टरले दाखवलं?… ऑपरेशन कधी आहे?… झालं?… महिना झाला? नि मले आज सांगून राहिली?… अवं, सहा वर्षं बोललो नाही म्हणून काय झालं, एवढं तर… दिसते न पण? नीट दिसते?… देवा. बरं. बरं… आणि ग्लोव्ह्ज?… कधीच नाही?… पॅड तरी धरता येईल न पोरींसाठी?… पॅडही नाही."

ती खुर्ची ओढून बसली. दरवर्षी पूजेच्या वेळी दोघींनी हसून पुढच्या वर्षावर ढकललेली ती लढत आता कोणत्याच वर्षी होणार नव्हती. तिला वाटलं होतं, वेळ आहे. आपल्याकडे वेळ असतो असं माणसाला नेहमीच वाटतं.

"हं, ऐकून राहिली… विचार न… त्या दिवशी? त्या दिवशी काय होणार? वजन जास्त भरलं. आठशे ग्रॅम… सर असं म्हणाले पेपरात?… 'गोपिकानं आयुष्यात एकदाच वजन चुकवलं, ते कसं ते मला आजवर कळलं नाही'… म्हातारे झाले सर. मी तेव्हाच सांगितलं होतं सगळ्यांले. पाळीचे दिवस होते, अंगात पाणी धरलं…"

इथे उत्तरानं तिला तोडलं. पहाटेच्या सरावासाठी उत्तरा घर सोडून तिच्याकडे आली होती. तीन वर्षं दोघी एका खोलीत भाड्यानं राहिल्या होत्या. एक दोरी, एक बादली, एक आरसा. एका खोलीत राहणाऱ्या बायांना एकमेकींच्या तारखा पाठ असतात. फेडरेशनच्या बुवांना ते कारण खपलं, डोळे खाली घालून त्यांनी लिहूनही घेतलं. पण उत्तराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ती तारीख ती नव्हती. चौदा वर्षं तिनं विचारलं नाही, आणि चौदा वर्षं गोपिकाला वाटलं की पचलं.

"…मग तेव्हाच काहून नाही विचारलं?… हाव. खरं आहे. मीही नसतं विचारलं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत तिनं वाट पाहिली.

"पन्नास किलो आठशे होती मी. सकाळी. सरांच्या काट्यावर, कोणी उठायच्या आधी पाहिलं… म्हणजे बसत होती. दोनशे ग्रॅम राखून बसत होती… ऐक न, मधात बोलू नको, नाहीतर माह्याच्यानं पुन्हा नाही बोलवणार. मी पाणी पिली. बाथरूमात गेली, नळाले तोंड लावलं नि पिली. लिटरभर. नि जाऊन उभी राहिली काट्यावर. एक्कावन्न आठशे… हाव, तासभर दिला न त्यांनी. सर धावत आले, प्लास्टिकचा कोट चढवला, म्हणाले मार दोरी. मारली. तुह्यासमोरच तर मारली, तू खिडकीत बसून होती. घाम निघाला बदाबदा. मले कळलं, उतरून राहिलं वजन. मग लघवीच्या नावानं पुन्हा गेली नि पुन्हा पिली… आठवते न, काट्यावरचा माणूस काटाच ठोकून पाहून राहिला होता? एवढी दोरी मारली नि वजन तेवढंच! हाव… त्याच्यापायी."

हे सांगताना ती एकदा हसलीसुद्धा. हसू अर्ध्यावर राहिलं.

"काहून म्हणजे? तुह्या बाबांनी, गोपाळकाकांनी मुदत नव्हती दिली तुले? यंदा नॅशनल नाही तर ग्लोव्ह्ज बंद नि अमरावतीच्या पोराशी लग्न… आदल्या दिवशी सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीपाशी कोण रडलं होतं? खायचं नव्हतंच आपल्याले, वजन होतं, नुसता वास घेत उभ्या होतो. नि तू रडून राहिली. म्हणली, ताई, माहा शेवटचा चान्स आहे. माह्याजवळ चार सुवर्ण होते, रेल्वेची नोकरी होती. मले वाटलं, जाऊ दे हिले. नॅशनलचं एक तिकीट तर आहे… हाव, म्हणून. एवढंच… उत्तरा?"

फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. पस्तीस वर्षांची, सहा सुवर्णांची, डोळ्याचं ऑपरेशन झालेली बाई तिकडून ओरडत होती, आणि इकडे गोपिका मान खाली घालून ऐकत होती.

"भीक नाही वं… अवं ऐक न… भीक असं नको म्हणू… मी कोण देणारी, हाव, बरोबर आहे… तुले कोणी विचारलं होतं, हाव, नाही विचारलं… नोकरीही तुही नाही, पदकही तुहं नाही असं कसं म्हणते? नॅशनलले मी होती का तिथं?… चूक झाली. चूकच झाली माही. मी उपकार समजली त्याले. चौदा वर्षं मनातल्या मनात मिरवलं. तू टीव्हीवर दिसली की नवऱ्याले म्हणावं वाटे, ही माह्यामुळे… नाही, त्याले नाही सांगितलं कधी. नुसतं मनात."

आता इथे थांबता आलं असतं. उत्तरा फोन आपटणार होती, तिच्या श्वासावरूनच कळत होतं. आपटला असता तर गोपिका सांबार धुवायला मोकळी. चार दिवस जिवाला लागलं असतं, पण तिचं काय गेलं असतं? चौकटीतली अपराजित राणी तशीच राहिली असती, वर मोठ्या मनाची. जिंकणारी लढत धाकटीला देऊन टाकणारी. चुकली असेल, पण थोरलीच. आणि उत्तराच्या वाट्याला चांदणीच्या जागी दान आलं असतं.

गोपिकानं ओट्याची कड धरली. रिंगणात चढताना दोर धरावा तशी.

"ठेवू नको. उत्तरा, ठेवू नको, अजून आहे… मी अर्धंच सांगितलं. उरलेलं ऐक नि मग ठेव, मग आयुष्यभर नको बोलू… मी भ्याली होती."

"हाव. भ्याली. तुले."

"नाही, तुले बरं वाटावं म्हणून नाही सांगून राहिली! बरं वाटायसारखं मी काही केलंच नाही कधी… ऐक. चाचणीच्या तीन आठवडे आधी. गुरुवार होता. सर सुतकात होते, तालमीत आपण दोघीच. तू म्हणली, ताई, दोन राउंड हलकेच. दुसऱ्या राउंडले मी उजवा टाकला नि तू त्याच्याखालून आत आली, नि डावा हुक. माह्या उजव्या बरगडीखाली… मले आजपर्यंत कोणी तसं मारलं नाही. हवाच गेली. पाय गेले. मी खाली बसली गुडघ्यावर… दहा मोजले असते न सरांनी, तर मी नसती उठली. समजलं? नसती उठली मी!"

तिचा आवाज फाटला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि तसंच बोलत राहिली.

"त्याच्यानंतर तीन आठवडे मी झोपली नाही. डोळा लागला की तो हुक. चार वर्षं कोणी हात लावला नव्हता मले एक्कावन्नमध्ये. लोक अपराजित म्हणायले लागले होते. नि माह्याच खोलीतली पोट्टी, माह्याच बादलीनं आंघोळ करणारी, ती मले खाली बसवून गेली. नि मग तू त्या पोह्याच्या गाडीपाशी रडली. मले तर बहाणाच सापडला, बाई. चांगला, पुण्याचा बहाणा. तुह्यावर दया आली हे खोटं नाही. पण नुसत्या दयेनं कोणी दोनदा पाणी पीत नाही. पहिल्यांदा तुह्यासाठी पिली असेल. दुसऱ्यांदा… दुसऱ्यांदा माह्यासाठी पिली."

तिकडे मागे कुठेतरी दोरीच्या उड्यांचा टपटप आवाज येत होता. म्हणजे उत्तरा तालमीतूनच बोलत होती.

"उत्तरा?… आहे न?… बोल न काही. शिव्या दे… काय?… कोणता हुक म्हणजे? डावा!… अवं, आठव न. तू निळी बनियन घातली होती. मी खाली बसली, तर तू म्हणली, 'ताई, लेस सुटली का?' मी म्हणली, हाव, सुटली. नि बांधत बसली बुटाची लेस. बांधलेलीच होती… नाही?… काहीच नाही आठवत?"

गोपिका फोनकडे बघतच राहिली. चौदा वर्षं तो ठोसा तिनं बरगडीखाली सांभाळला होता. त्याच्यापायी वजन चढवून चोपन्नमध्ये गेली, तिथे एक रौप्य आणि मग काहीच नाही. त्याच्यापायी खोली सोडली, पुढे बोलणं सोडलं. आणि मारणारीला तो लागल्याचंच माहीत नव्हतं. उत्तरानं लेस सुटली का विचारलं, हिनं हो म्हटलं. त्याच वेळी सांगितलं असतं, नाही वं, तुहा हुक लागला, तर ती पोर नाचत चाचणीला आली असती.

"तेव्हाच सांगायले पाहिजे होतं… हाव. एवढंच तर करायचं होतं. तेही नाही झालं माह्याच्यानं… रडून राहिली का तू? रडू नको, डोळ्याले पाणी नको लागू देऊ, डॉक्टर काय म्हणाले असतील… बरं, बरं, हसून राहिली. मले कसं कळणार, फोनवर सारखंच वाटते."

मग तिकडून एक लांबलचक काहीतरी आलं. गोपिका आधी नाही नाही म्हणाली, मग कोण कोण असेल म्हणाली, मग नुसती ऐकत राहिली.

"मी?… मी दाखवू पोरींले? तुहा हुक?… अवं, मले तो खाल्लेला माहीत आहे, मारलेला नाही!… कसा लागला ते सांगू?… सगळ्यांसमोर?… गुडघ्यावर बसून?"

ओट्यावर पेपर तसाच पडला होता. एका बाजूला चांदणी, एका बाजूला अपराजित राणी. चाळीस वर्षांची, दहा किलो वाढलेली, रेल्वेत तिकिटं तपासणारी गोपिका, तिला त्या चिंध्यांच्या बॅगांमध्ये, पोरींच्या गोल रिंगणात गुडघ्यावर बसायचं होतं आणि म्हणायचं होतं, हिनं मला असं बसवलं होतं. तिनं पेपर घडी घालून बाजूला सारला.

"…हाव. येते. पुढच्या रविवारी येते… सांबारवडी आणते सोबत. तुह्या पोरी खातात का, का वजनं आहेत त्यांची?"

"काय?… आता ते कायले विचारून राहिली?… चढलो असतो तर कोण जिंकलं असतं… नाही, मी टाळून नाही राहिली. तू जिंकली असती असं म्हणू का? म्हणते, पण ते खरं नसेल. मी जिंकली असती म्हणू? तेही नसेल. हुक एकदा लागते, दुसऱ्यांदा मीही हात खाली नसता ठेवला. तू सरकली असती, मी दाबलं असतं, तिसऱ्या राउंडमध्ये कोणाचे पाय उरले असते, देव जाणे… मले नाही माहीत, उत्तरा. तुलेही नाही. आता कोणालेच नाही कळणार. तेवढंच तर होतं आपल्या दोघींचं, नि तेच मी नळाले तोंड लावून पिऊन टाकलं."

"…हाव."

"हाव वं. ठेव आता. पोरी दोरी मारून थकल्या असतील तिकडे, त्यांले पाणी दे."